केसांच्या रंगावरून राजद्रोह! 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या मॉडमध्ये घराण्याचा चेहरा ठरतो तरी कसा?

बाळ जन्माला आलं की आपल्याकडे तासाभरात निकाल लागतो. नाक आजोबांचं, जिवणी आईची, रंग थेट आत्याचा. निकाल चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. वेस्टरॉसमध्ये मात्र याच गप्पांपायी माणसांची मुंडकी उडतात.

(पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स' आणि 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'मधली मोठी गुपितं उघड होणार आहेत. अजून पाहिलं नसेल, तर हा लेख सेव्ह करून ठेवा.)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ गेम ऑफ थ्रोन्स' ही कादंबरी १९९६ साली आली. तिचं अख्खं कथानक एका वंशावळीच्या ग्रंथावर वळतं. नेड स्टार्क तो जाडजूड ग्रंथ चाळत बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की बराथियन आणि लॅनिस्टर घराण्यांत जेव्हा जेव्हा लग्न झालं, तेव्हा तेव्हा मूल काळ्याभोर केसांचं झालं. मग राजा रॉबर्ट बराथियन आणि राणी सर्सी लॅनिस्टर यांची तिन्ही मुलं सोनेरी केसांची कशी? ती रॉबर्टची नाहीतच. ती सर्सीच्या सख्ख्या जुळ्या भावाची, जेमीची आहेत. या एका शोधापायी नेडचा जीव जातो आणि पाच राजांचं युद्ध पेटतं.

आता अशी कल्पना करा की या कथेवर तुम्हाला गेम बनवायचा आहे. असा गेम, ज्यात शेकडो घराणी आहेत, पिढ्यानपिढ्या लग्नं होतात आणि कुणाला कसं मूल होईल हे आधी कुणीच लिहून ठेवलेलं नाही. इथे पात्रांचे चेहरे ही नुसती सजावट राहत नाही. चेहरा हा पुरावा असतो. आणि पुरावा चुकीचा छापला गेला, तर कथाच कोसळते.

आधी गेम काय आहे ते बघू

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीची 'क्रुसेडर किंग्ज' ही गेमची मालिका आहे. तिचा दुसरा भाग २०१२ साली आला, तिसरा १ सप्टेंबर २०२० रोजी. यात तुम्ही देश खेळत नाही, घराणं खेळता. तुमचा राजा मेला की वारसाच्या रूपात तुमचा डाव पुढे चालू. लग्नं जुळवायची, जमिनी सांभाळायच्या, भावंडांना काबूत ठेवायचं, जमलं तर काकाचा काटा काढायचा. मूळ गेमचा नकाशा मध्ययुगातल्या खऱ्या जगाचा आहे आणि त्यात भारतही आहे. ८६७ साली डाव सुरू केला, तर दख्खनवर राष्ट्रकूट राज्य करताना दिसतात.

मॉड म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये केलेला बदल. हौशी मंडळी फुकट काम करून नकाशा, घराणी, नियम, चित्रं सगळं बदलून टाकतात. दुसऱ्या भागावर 'गेम ऑफ थ्रोन्स'चा मॉड २०१२ सालीच आला आणि त्या गेमच्या सगळ्यात गाजलेल्या मॉड्समध्ये जाऊन बसला. तिसऱ्या भागावरचा मॉड २०२३ मध्ये लोकांच्या हाती आला. गंमत म्हणजे घराणी, वारसाहक्क, अनौरस मुलं आणि विषप्रयोग हे मूळ गेमचंच भांडवल असल्यामुळे वेस्टरॉस या साच्यात अगदी फिट बसतं. अडतं ते चेहऱ्यांपाशी.

चेहऱ्यामागची यादी

'क्रुसेडर किंग्ज २'मध्ये चेहरे म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्रांचे तुकडे होते. मान, हनुवटी, तोंड, नाक, डोळे. कोणता तुकडा वापरायचा हे अक्षरांच्या एका छोट्या साखळीवरून ठरे. पण तुकड्यांचा संच पात्राच्या संस्कृतीशी बांधलेला होता. त्यामुळे मूल परक्या संस्कृतीत वाढलं की त्याची चेहरेपट्टीच बदलू शके. म्हणजे मामाकडे शिकायला पाठवलेला पोरगा परत येताना वेगळंच नाक घेऊन यायचा.

तिसऱ्या भागात हे सगळं नव्याने बांधलं गेलं. आता प्रत्येक पात्र त्रिमितीय असतं आणि त्याच्यामागे डीएनए नावाची एक लांब यादी असते. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक जनुक. जबड्याची रुंदी, हनुवटी किती पुढे, डोळ्यांमधलं अंतर, नाकाचा शेंडा, असं बारीकसारीक सगळं. प्रत्येक जनुकाला ० ते २५५ मधला आकडा असतो. रंगांची सोय थोडी वेगळी आहे. केसांच्या, डोळ्यांच्या आणि त्वचेच्या रंगांचा एकेक पट असतो, म्हणजे रंगांच्या छटा पसरलेलं एक चौकोनी चित्र. त्या चित्रावर आडवं किती जायचं आणि उभं किती जायचं, हे दोन आकडे सांगतात.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती लिहिलेल्या असतात. पहिली चेहऱ्यावर दिसते, दुसरी दडून राहते. मूल जन्मलं की दोन्ही पालकांच्या प्रतींमधून त्याची यादी तयार होते, आणि आजोबांची दडलेली प्रत नातवाच्या चेहऱ्यावर उगवू शकते. दोन पिढ्या गायब असलेले तांबडे केस अचानक परत येतात ते यामुळे. केशरचना, दाढी, कपडे यांचा वारशाशी संबंध नाही, ते संस्कृतीवरून ठरतं. वय, वजन, आजार आणि जखमा हे थर वरून चढतात.

'देखणा', 'बुटका', 'महाकाय' असे जन्मजात गुण ही मात्र आणखी वेगळी यंत्रणा आहे. तिचा हिशोब डीएनएच्या यादीबाहेर चालतो. म्हणून कधीकधी गेम एखाद्याला अप्सरा ठरवतो आणि चित्रात तिच्या पणजोबांचं भलंमोठं नाक तसंच्या तसं दिसतं.

रॉबर्टच्या दडलेल्या खान्यात काय लिहायचं?

खऱ्या इतिहासाच्या डावासाठी ही व्यवस्था मस्त चालते. मुलं आईबापांसारखी दिसतात, भावंडं एकमेकांसारखी दिसतात, खेळणारा खूश. पण या यंत्रणेला एक गोष्ट ठाऊक नाही. काळा रंग सोनेरीवर मात करतो, असा नियम तिच्यात लिहिलेला नाही. कोणती प्रत वर येणार आणि कोणती दडणार, हा नशिबाचा खेळ. मूळ गेममध्ये रॉबर्ट आणि सर्सीचं खरंखुरं औरस मूल सोनेरी केसांचं निघालं, तर त्यात काहीही नवल नाही. म्हणजे नेड स्टार्कच्या पुराव्याची किंमत शून्य.

मग सरळ मेंडेलचे नियम बसवले तर? ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या या धर्मगुरूने वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली प्रसिद्ध केलेला हिशोब शाळेत सगळ्यांनी शिकलेला असतो. प्रभावी गुण आणि अप्रभावी गुण. काळा प्रभावी धरू, फिकट अप्रभावी. सोनेरी आणि रुपेरी या दोन्हींना सोयीसाठी 'फिकट' म्हणू. सर्सीचे केस सोनेरी, म्हणजे तिच्या दोन्ही प्रती फिकट. रॉबर्टचे केस काळे, म्हणजे त्याची एक प्रत नक्की काळी. पण दुसरी?

मॉडमध्ये पुस्तकातल्या पात्रांचे डीएनए हातानेच लिहावे लागतात. त्यामुळे दडलेल्या खान्यात कुणीतरी काहीतरी लिहिणं भाग आहे. आणि इथे रॉबर्टची आजी आडवी येते. ती रेल टार्गेरियन, राजा एगॉन पाचवा याची मुलगी. तिच्याच नात्यावर रॉबर्टने सिंहासनावर हक्क सांगितला होता. एगॉनचे केस रुपेरी-सोनेरी. त्याची राणी बेथा ब्लॅकवुड काळ्या केसांची. म्हणजे मेंडेलच्या हिशोबात रेलकडे एक फिकट प्रत असणारच. ती रॉबर्टच्या वडिलांकडे जाण्याची शक्यता निम्मी, तिथून रॉबर्टकडे येण्याची पुन्हा निम्मी. बाकी सगळे पूर्वज शुद्ध काळ्या केसांचे धरले, तरी रॉबर्टने फिकट प्रत लपवलेली असण्याची शक्यता ४ मध्ये १.

तसं असेल, तर सर्सीपासून त्याचं प्रत्येक मूल सोनेरी असण्याची शक्यता निम्मी. तिन्ही मुलं सोनेरी असण्याची ८ मध्ये १. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर ३२ मध्ये १. आता यात गेंड्री जोडा. हा रॉबर्टचा अनौरस मुलगा, केस काळे, आणि त्याच्या आठवणीप्रमाणे त्याच्या आईचे केस पिवळे होते. म्हणजे निदान या वेळी तरी रॉबर्टने काळी प्रतच दिली. या एका माहितीने रॉबर्ट वाहक असण्याची शक्यता ४ मध्ये १ वरून ७ मध्ये १ वर येते, आणि तिन्ही मुलं औरस असून सोनेरी निघण्याची ५६ मध्ये १ वर.

५६ मध्ये १ म्हणजे संशयाला भरपूर जागा. पण यावर राणीचा शिरच्छेद करायचा? लुडोमध्ये लागोपाठ दोनदा सहा पडण्याची शक्यता ३६ मध्ये १ असते आणि ते दर दुसऱ्या डावात कुणाला तरी पडतातच. जॉन ॲरिन आणि नेड यांनी राजाची अनौरस मुलं शोधत शहर पालथं का घातलं, हे या हिशोबातून कळतं. फिकट केसांच्या आईचं काळ्या केसांचं प्रत्येक मूल पुरावा जवळजवळ दुप्पट बळकट करतं. एकटा ग्रंथ पुरला नसता.

मालिकेने हा प्रश्न जरा सोपा केला. तिथे सर्सी सांगते की रॉबर्टपासून तिला पहिलं मूल झालं होतं, काळ्या केसांचं, आणि ते दगावलं. पुस्तकात असं मूल नाही.

मार्टिन यांचा हिशोब मेंडेलचा नाहीच

मेंडेल बसवला तरी मॉडरची सुटका नाही, कारण लेखकच त्याला जुमानत नाही. रॉबर्टच्या अनौरस मुलांकडे बघा. गेंड्री, मिया स्टोन, एड्रिक स्टॉर्म. तिघांच्या आया वेगळ्या, पण तिघांचे केस काळे आणि तिघांचेही डोळे निळे. काळे केस प्रभावी हे पटतं. पण खऱ्या माणसांत निळे डोळे ढोबळमानाने अप्रभावी असतात. त्यामागे मुख्यतः ओसीए२ आणि एचईआरसी२ या शेजारच्या जनुकांमधला भाग असतो. तपकिरी डोळ्यांच्या घरात निळा रंग सहसा दडून बसतो. बराथियनांचा निळा मात्र काळ्या केसांचा हात धरून थेट चेहऱ्यावर येतो.

टलींचंही तेच. नेड आणि कॅटलिन यांच्या पाच मुलांपैकी रॉब, सान्सा, ब्रॅन आणि रिकन हे चौघं आईसारखे, तांबूस केसांचे आणि निळ्या डोळ्यांचे. एकटी आर्या स्टार्कांसारखी. खऱ्या जगात लाल केसांसाठी एमसी१आर या जनुकाच्या बिघडलेल्या दोन प्रती लागतात, एक आईची आणि एक बापाची. म्हणजे नेडच्या पूर्वजांत कुणीतरी लाल केसांचं हवं. अशक्य नाही, पण कथेला त्याची पर्वाही नाही. तिला एवढंच दाखवायचंय की कॅटलिनची मुलं टली दिसतात आणि ज्याला ती नवऱ्याचा अनौरस मुलगा समजते तो जॉन स्नो मात्र अस्सल स्टार्क दिसतो. तिला सलतं ते हे.

थोडक्यात, या जगात दिसणं हे घराण्याच्या ध्वजासारखं वागतं. आणि ध्वज काही पिढ्यागणिक फिका पडत नाही. जीवशास्त्रात मात्र तो पडतो. मूळ पुरुषाचा वाटा मुलात निम्मा, नातवात पाव, आणि दहाव्या पिढीत १०२४ मध्ये १. बराथियन घराण्याचा संस्थापक ऑरिस आणि रॉबर्ट यांच्यात जवळपास २८० वर्षांचं अंतर आहे, म्हणजे साधारण दहा पिढ्या. दर पिढीत बाहेरून सून येत असताना ऑरिसचा चेहरा रॉबर्टपर्यंत पोचणं साध्या मिश्रणातून शक्यच नाही. गेममध्ये शंभर वर्षं खेळून बघणाऱ्यांना हे नेमकं जाणवतं. सुरुवातीला स्टार्क कोण आणि लॅनिस्टर कोण हे चित्रावरून ओळखू येतं. चार पिढ्यांनी सगळे सरदार एकाच लग्नाच्या वऱ्हाडातले वाटू लागतात.

यावर मॉडरकडे उपाय आहे आणि तो चक्क फसवणुकीचा आहे. मूल जन्मलं की गेम ठरावीक स्क्रिप्ट चालवतो. त्या क्षणी खरे आईबाप कोण हे तपासायचं, घराण्यांच्या दिसण्याची क्रमवारी लावायची (बराथियन काळा हा लॅनिस्टर सोनेरीच्या वर, टली तांबूस हा स्टार्क तपकिरीच्या वर) आणि निकालाप्रमाणे मुलावर एक खूण ठेवायची. पुढे चित्र काढताना गेम त्या खुणेप्रमाणे केसांचा आणि डोळ्यांचा रंग बदलतो. नाक, जबडा, कपाळ हे सगळं मूळ यंत्रणेवर सोडून द्यायचं. मार्टिन नाकाचं वर्णन क्वचितच करतात, तेव्हा तिथे निसर्गाला मोकळीक द्यायला हरकत नाही.

ही फसवणूक मेंडेलपेक्षा चांगली का? कारण खेळणारा इथे जीवशास्त्र शिकायला आलेला नाही. त्याला त्याच जगात जायचंय जिथे नेडचा निष्कर्ष बरोबर होता.

टार्गेरियन आणि स्पेनचा जबडा

एका घराण्याच्या बाबतीत मात्र जीवशास्त्र आणि कथा यांची गाठ छान जुळते. टार्गेरियन भावाबहिणीत लग्न लावतात. रुपेरी केस आणि जांभळे डोळे हे अप्रभावी गुण धरले, तरी दोन्ही पालकांकडे तेच असल्यामुळे मुलाकडे दुसरं काही जाऊच शकत नाही. इथे फसवणुकीची गरज नाही. फक्त रंगांचा पट नव्याने रंगवावा लागतो, कारण मध्ययुगीन युरोपच्या गेमला जांभळ्या डोळ्यांची कधी गरज पडत नाही.

खऱ्या इतिहासातलं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे हाब्सबर्ग घराणं. त्यांचा पुढे आलेला जबडा चित्रकारांनी पिढ्यानपिढ्या रंगवून ठेवला. २०१९ साली स्पेनमधल्या सँटियागो दे कॉम्पोस्टेला विद्यापीठाच्या रोमान व्हिलास यांच्या गटाने त्या चित्रांचाच अभ्यास केला. घराण्यातल्या १५ जणांची ६६ चित्रं जबड्याच्या १० शल्यविशारदांना तपासायला दिली. जवळच्या नात्यांतली लग्नं जितकी जास्त, तितका जबड्याचा दोष ठळक, असा संबंध त्यातून दिसला. स्पेनचा राजा कार्लोस दुसरा (१६६१ ते १७००) याचा अंतःप्रजनन गुणांक ०.२५४ निघतो. सख्ख्या बहीणभावांच्या मुलाचा गुणांक ०.२५ असतो. म्हणजे कागदोपत्री मामा आणि भाचीचा मुलगा असलेला कार्लोस, मागच्या साऱ्या गुंत्यामुळे, बहीणभावाच्या मुलाहूनही पुढे गेलेला होता. तो निपुत्रिक मेला आणि वारशासाठी अर्धा युरोप लढला.

ही बाजू मूळ गेमला माहीत आहे. जवळच्या नात्यात लग्न लावत गेलात, तर मुलांना जन्मजात व्यंगं येण्याचा धोका वाढतो. टार्गेरियनांना त्यातून किती सूट द्यायची, हा मॉडरच्या तारतम्याचा प्रश्न. पूर्ण सूट दिली तर ड्रॅगनवाल्यांना काहीच किंमत मोजावी लागत नाही. अजिबात दिली नाही तर तिसऱ्या पिढीत घराणं संपतं.

कॉम्प्युटरला केस दिसत नाहीत

आता सगळ्यात अवघड भाग. समजा चेहरे अगदी हवे तसे जमले. खेळणारा माणूस चित्रं बघतो आणि म्हणतो, 'अरे, हे पोरगं तर राजाचं वाटत नाही.' पण गेममधली बाकी हजारो पात्रं कॉम्प्युटर चालवतो. ती चित्रं बघत नाहीत. त्यांचे निर्णय गुण, नाती, मतं आणि गुपितं यांच्या नोंदींवर चालतात. कॉम्प्युटरच्या नेड स्टार्कसमोर जॉफ्रीला उभं केलं तरी त्याला ते सोनेरी केस दिसत नाहीत.

मूळ गेममध्ये निम्मी तयारी आहे. तो 'जगापुढचा बाप' आणि 'खरा बाप' यांची नोंद वेगळी ठेवतो. चेहरा खऱ्या बापावर जातो, आडनाव जगापुढच्या. हे गुपित कुणाला कळलं तर ते त्यावरून धमकावू शकतात किंवा सगळ्यांसमोर फोडू शकतात. कमी आहे ती मधल्या दुव्याची, म्हणजे चेहऱ्यावरून संशय येण्याची. जन्माच्या वेळी ठेवलेली ती खूण इथे दुसऱ्यांदा कामाला येते. मुलाच्या रंगाची खूण आणि जगापुढच्या बापाच्या घराण्याचा रंग जुळत नसेल, तर संशयाची घटना सुरू होऊ शकते.

पण किती सहज? प्रत्येक न जुळणाऱ्या मुलामागे बोंब उठली, तर प्रत्येक दरबारात दर महिन्याला तमाशा होईल. फारच अवघड ठेवलं, तर सर्सी आयुष्यभर निवांत राहील. पुस्तकाची वाट धरायची तर मुलं किती, दरबारात हुशार आणि चौकस माणूस आहे का, घराण्याच्या जुन्या नोंदी त्याच्या हाती लागतात का, असे टप्पे लागतात. शिवाय ही तपासणी हजारो पात्रांवर दर महिन्याला चालवली तर गेम रखडू लागतो. जन्माच्या वेळी एकदा आणि मूल जाणतं झाल्यावर एकदा, एवढी पुरते.

रेनीराची मुलं ही याची खरी परीक्षा. २०१८ साली आलेल्या 'फायर अँड ब्लड'मध्ये राजकन्या रेनीरा आणि तिचा नवरा लेनॉर वेलॅरियन हे दोघंही फिकट केसांचे, तर तिची पहिली तिन्ही मुलं तपकिरी केसांची, तपकिरी डोळ्यांची आणि चपट्या नाकाची. दरबार हार्विन स्ट्राँगकडे बोट दाखवतो. रेनीराच्या बाजूने बोलणाऱ्यांना मात्र एक धागा आहे. लेनॉरची आई रेनिस काळ्या केसांची होती, कारण तिची आई बराथियन. मग केस आजीवर गेले असतील की!

मेंडेलच्या हिशोबात हा बचाव टिकत नाही. काळा प्रभावी असेल तर तो लेनॉरमध्ये लपूच शकत नाही. तो त्याच्याकडे असता, तर त्याचेच केस काळे झाले असते. दोन फिकट पालकांना गडद केसांचं मूल होणार नाही. 'क्रुसेडर किंग्ज ३'च्या मूळ यंत्रणेत मात्र कोणताही रंग दडू शकतो, म्हणून तिथे आजीचा काळा रंग नातवात उगवू शकतो आणि रेनीरा निर्दोष ठरू शकते. नियम बदलला की खटल्याचा निकाल बदलतो. शाळेच्या पुस्तकातला नियम लावला तर सर्सीला संशयाचा फायदा मिळतो आणि रेनीरा अडकते. चाहत्यांच्या पसंतीच्या नेमकं उलट.

२०२२ च्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' मालिकेने यात आणखी एक रंग आणला. तिथे वेलॅरियन कृष्णवर्णीय आहेत आणि रेनिसचे केस पांढरे आहेत. आजीचा बचाव गेला आणि त्वचेच्या रंगाचा पुरावा आला. मॉडला पुस्तक पाळायचंय की मालिका, यावर या एकाच कुटुंबाचे डीएनए पार वेगळे लिहावे लागतात.

आणि तरीही एक बट उरतेच

इतर काल्पनिक जगांवरच्या मॉड्समध्ये हे प्रश्न वेगळे असतात. 'एल्डर स्क्रोल्स'च्या जगात मूल साधारणपणे आईच्या वंशाचं धरलं जातं, बापाच्या थोड्या खुणा येतात. म्हणजे तिथल्या 'एल्डर किंग्ज' मॉडला बापाचा संशय चेहऱ्यावरून काढायला फार जागाच नाही. टॉल्किन यांच्या जगावरच्या 'रिल्म्स इन एक्झाईल'मध्ये रंगांपेक्षा आयुष्याची लांबी मोठी डोकेदुखी आहे, कारण तिथे पणजोबा अजून तरुण असू शकतात.

वेस्टरॉसमध्ये मात्र सगळे नियम नीट बसवल्यावरही १९९८ च्या 'द हेज नाइट' या लघुकादंबरीतलं एक कुटुंब हट्टाने नियमाबाहेर राहतं. युवराज बेलर टार्गेरियन डॉर्नच्या आईवर गेला, म्हणून काळसर केसांचा. त्याचा सख्खा भाऊ मेकार मात्र फिकट रुपेरी. इथवर ठीक, आईकडे एक फिकट प्रत दडलेली होती असं म्हणता येतं. पण बेलरचा मुलगा वॅलर? त्याचे केस तपकिरी आणि त्यातून जाणारी एकच रुपेरी-सोनेरी बट. पटावरचा कोणताही एक ठिपका निवडून असे केस मिळत नाहीत, कारण एका ठिपक्यात एकच रंग असतो. त्यासाठी बटेचं वेगळं चित्र काढावं लागतं आणि फक्त वॅलरच्या डोक्यावर चिकटवावं लागतं. त्याच्या मुलांना ती बट द्यायची की नाही, हे पुन्हा कुणीतरी बसून ठरवायचं.